गळ टाकायला जाताना

मागच्या हिवाळ्यात माझ्या पुतण्याने अमेरिकेहून एक फोटो पाठवला. तो मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. फोटोत दूरवर पसरलेले पांढरे मैदान, त्यावर पालथी घातलेली बादली, बादलीवर कानटोपी घालून बसलेला आमचा पुतण्या आणि त्याच्या पायांपुढे बर्फाला पाडलेले वीतभर रुंदीचे गोल भोक. भोकात गळ सोडलेला. मी ज्याला मैदान समजत होतो ते तळे होते. चिरंजीव गोठलेल्या तळ्याच्या मधोमध बसून मासे धरत होते.

हाच फोटो त्याच्या आईलाही गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दवाखान्यात हजर झाल्या. रक्तदाब १६० वर गेलेला. म्हणाल्या, "भावजी, हा नाद तुम्हीच लावलात त्याला. आता तुम्हीच सोडवा."

आरोप खोटा नव्हता. रविवारी सकाळी मिरजेच्या कृष्णा घाटावर गळ घेऊन बसणे हा माझा जुना छंद, आणि हा मुलगा सहा-सात वर्षांचा असल्यापासून गांडुळाचा डबा धरून माझ्याबरोबर येत असे. मी त्याला फोन लावला. दोन खडसावणीच्या गोष्टी सांगाव्यात असा विचार होता. पण त्याच्या सामानाची यादी ऐकली आणि खडसावायचे राहूनच गेले.

हातात लोखंडी पहार. प्रत्येक दोन-चार पावलांवर बर्फावर ती आपटून पाहायची, आरपार गेली की मागे फिरायचे. चालत जाण्यासाठी स्वच्छ, काचेसारखा बर्फ कमीत कमी चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर जाड हवा. पांढरट, दुधी बर्फात हवा आणि हिम मिसळलेले असते. त्याची ताकद निम्मीच धरायची, म्हणजे जाडी दुप्पट पाहिजे. ओढा जिथे तळ्याला मिळतो, पुलाच्या खांबांभोवती, लव्हाळ्याच्या कडेला बर्फ पातळ असतो, तिकडे जायचेच नाही. अंगात पाण्यावर तरंगणारा पोशाख. गळ्यात दोरीला बांधलेले दोन मुठीचे सुळे. बर्फ फुटून आत पडलो तर ओल्या, गुळगुळीत कडेला हात धरत नाही, सुळे रोवून स्वतःला वर ओढायचे. पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड. बरोबर एक सोबती, आणि घरमालकाकडे चिठ्ठी, कोणत्या तळ्यावर जातोय आणि किती वाजता परतणार. तंबूत शेगडी पेटवली तर कोळशाच्या विषारी वायूची सूचना देणारे यंत्र. हा वायू आपल्याकडेही थंडीत दार लावून शेगडी ठेवणाऱ्यांचा जीव घेतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

"आणि गळ?" मी विचारले.

"तो शेवटी भरतो, काका. पण तुम्ही घाटावर काय काय नेता?"

मी खरे ते सांगितले. काठी, गळ, गांडुळाचा डबा, कणकेचे गोळे आणि चहाचा थर्मास. पलीकडे तो हसला नाही, गप्प राहिला. आजचा लेख त्या गप्प राहण्यातून निघाला आहे. मासा धरण्याची तयारी आपण सगळेच करतो. स्वतः पाण्यात पडलो तर काय, याची तयारी बर्फावर बसणारा माणूस करतो आणि कृष्णाकाठी बसणारा करत नाही. कारण आपल्याला वाटते, नदी ओळखीची आहे.

गारठलेल्या पाण्यात काय होते ते आधी सांगतो, म्हणजे आपल्या पाण्यातला फरक ध्यानात येईल. बर्फाखालचे पाणी शून्य ते चार अंशांच्या आसपास असते. त्यात पडताच माणूस गारठून मरतो असा समज आहे, तो बरोबर नाही. पहिल्या मिनिटात धोका असतो तो श्वासाचा. थंड पाण्याचा फटका त्वचेला बसला की छाती आपोआप मोठा हुंदका घेते आणि धाप लागते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपते. हृदयरोगी असेल तर हृदयाचे ठोके त्याच क्षणी बिघडू शकतात. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी याचा एक सोपा हिशेब लोकांना शिकवला, एक-दहा-एक. एक मिनिट श्वास आवरायला. दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात, तेवढ्यात बाहेर यायचे. आणि साधारण एक तास शुद्ध हरपायला. बाहेर येताना तोंड आलो त्या दिशेला करायचे, कारण तिकडच्या बर्फाने आपले वजन पेलले होते. पाय मागे पाण्यात झाडत अंग आडवे करायचे, सुळे रोवून वर सरकायचे, आणि वर आल्यावर उभे राहायचे नाही, लोळत लांब जायचे. सिक्कीम-लडाखकडे हिवाळी सहलीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनीही हे लक्षात ठेवावे. तिथे फोटोसाठी गोठलेल्या तळ्यावर उतरण्याची हौस फार, आणि हातात पहार कोणाच्याच नसते.

थंडीची दुसरी बाजूही आहे. १९९९ साली नॉर्वेत ॲना बॉगेनहोम ही तरुण डॉक्टर बर्फाखालच्या ओढ्यात अडकली. सुमारे ऐंशी मिनिटांनी तिला बाहेर काढले तेव्हा हृदय बंद होते आणि शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते. तरी ती वाचली आणि पुढे डॉक्टरकीच करू लागली. थंडीने तिचा मेंदू हृदय बंद पडण्याच्या आधीच जणू झोपवून ठेवला होता, त्यामुळे प्राणवायूची गरज फार कमी झाली होती.

आपल्या कृष्णेचे पाणी अशी सवलत देत नाही. ते कोमट. मेंदू जागा असतो, त्याला प्राणवायू पूर्ण लागतो, आणि हृदय थांबल्यावर चार-सहा मिनिटांत त्याची हानी सुरू होते. तेवढ्या वेळात कोणतीही रुग्णवाहिका घाटावर पोहोचू शकत नाही. पोहोचलेले असतात ते फक्त काठावरचे लोक. म्हणून जे काही करायचे ते त्यांनी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९० नंतरची दोन-तीन वर्षे असतील, मी इंटर्न होतो. सुट्टीच्या दिवशी मित्राबरोबर नदीवर गेलो होतो. थोड्या अंतरावर आरडाओरडा झाला, लोकांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाला पाण्यातून काढले. तोही गळ टाकायलाच आलेला. काठ निसरडा होता, पाय घसरला. मी धावत पोहोचलो तेव्हा दोघांनी त्याचे पाय धरून त्याला उलटे टांगले होते. मग एकाने त्याला खांद्यावर पोटावर घेऊन फेऱ्या मारल्या. मग कोणी म्हणाले, कुंभाराच्या चाकावर घाला. तोंडातून पाणी आणि फेस येत होता आणि प्रत्येक वेळी लोक म्हणत होते, निघतंय, पाणी निघतंय. मला तोंडाने श्वास देणे शिकवलेले होते. रबरी पुतळ्यावर मी ते केलेलेही होते. पण समोर वयस्कर माणसे होती, मुलाच्या तोंडाला फेस होता, आणि मी बावीस-तेवीस वर्षांचा, अंगावर डॉक्टरचा कोटही नव्हता. मी पुढे झालो तेव्हा आठ-दहा मिनिटे गेली होती. ती मला अजून मोजता येतात. मुलगा गेला. वेळेत पुढे झालो असतो तर तो वाचलाच असता असे मी म्हणत नाही. पण त्याला मिळायला हवी होती ती संधी मिळाली नाही, आणि ती देणे मला येत होते.

पट्टीचे पोहणारे लोक मला नेहमी सांगतात, "डॉक्टर, आम्हाला नदीची भीती नाही." मासे धरताना बुडणाऱ्यांत पोहता येणारेही असतात. गळ टाकणारा पोहायच्या तयारीने आलेला नसतो. अंगात पँट-शर्ट, पायात बूट, खिशात मोबाईल, पोटात न्याहारी, कधी कधी न्याहारीपेक्षा जास्त काहीतरी. गळ अडकला की तो सोडवायला तो दोन पावले आत उतरतो. तिथे शेवाळ असते, गाळ असतो. वाळूउपशामुळे नदीच्या पात्रात जागोजागी खड्डे झाले आहेत, गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट दोन पुरुष खोलीत जाते. केंदाळाने पाणी झाकलेले असेल तर काठ कुठे संपतो तेच कळत नाही, आणि केंदाळात पाय गुंतला की चांगला पोहणाराही दमतो. मिरगी येणाऱ्या माणसाने तर एकट्याने पाण्याजवळ बसूच नये, गोळी चुकवलेल्या दिवशी मुळीच नाही. दारूबद्दल वेगळे काय सांगावे? तोल जातो, धोक्याचा अंदाज जातो, आणि पाण्यात पडल्यावर श्वास रोखण्याचे भानही जाते. घाटावर रिकाम्या बाटल्या मीही पाहतो.

म्हैसाळचा बंधारा, सांगलीचा बंधारा, अशा ठिकाणी मासे चांगले लागतात हे खरे. पण बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडेच वळते. वरून पाहताना फेसाळलेले, उथळ वाटते. त्यात सापडलेली वस्तू तिथल्या तिथे घुसळत राहते, मग तो ओंडका असो की माणूस. पावसाळ्यात बरगे काढलेले असताना तर तिकडे फिरकूच नये. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की आपल्याकडे ऊन पडलेले असले तरी नदीची पातळी काही तासांनी चढणार, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलेले आपण पाहिले आहे. पण मासे धरणाऱ्याचा घात व्हायला महापूर लागत नाही. हात-दोन हात चढलेले गढूळ पाणीही पुरते, कारण त्याने कालची पायरी झाकलेली असते.

आता सामान.

पहिली गोष्ट म्हणजे तरंगणारे जाकीट. आपल्याला त्याची लाज वाटते. गंमत अशी की आमच्या पिढीने पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा डबा बांधला, कोणी पांगिऱ्याचे ओंडके बांधले, कोणी वाळका भोपळा. मिरजेत भोपळ्याची सतार होते आणि भोपळ्यावर माणूस तरंगतोही, हे आमच्या शाळेतल्या मास्तरांचे आवडते वाक्य. तेव्हा लाज वाटली नाही. पोहायला आले की डबा सुटला, आणि मग वाटू लागले की आता काही बांधायचे म्हणजे कमीपणा. ट्यूबवर, थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा काहिलीत बसून जाळे टाकणाऱ्या भोई बांधवांना माझे हेच सांगणे आहे. तुमचे पाण्याचे ज्ञान माझ्यापेक्षा शंभरपट, पण डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या माणसाला ज्ञान तरंगवत नाही, जाकीट तरंगवते. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि सतरा माणसे गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. ही सगळी नदीकाठची माणसे, नदी त्यांना नवी नव्हती. जाकीट घेताना आपल्या वजनाचे घ्या, सगळे पट्टे लावा. नुसते खांद्यावर अडकवलेले जाकीट पाण्यात डोक्यावरून निघून जाते. लहान मुलाच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट फुकट आहे. तेलाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन. त्यात पेलाभर पाणी ठेवा म्हणजे फेकताना वाऱ्याने उडणार नाही, झाकण घट्ट लावा आणि मुठीला पंधरा-वीस मीटर दोरी बांधा. बैलाचा कासरा आखूड पडेल, दोन जोडून घ्या. हा कॅन काठावर आपल्या शेजारी ठेवायचा. दुचाकीच्या डिकीत नाही. रविवारी घरी दोन-चार वेळा फेकून पाहा. ऐन वेळी पहिल्यांदाच फेकणाऱ्याचा कॅन निम्म्यावरही जात नाही, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

बाकी पायात पकड असलेले, चटकन निघणारे पादत्राण, गळ्यात शिटी, संध्याकाळ होणार असेल तर विजेरी, आणि घरी सांगून जाणे. विजेरी सापासाठीही. दगडांच्या कपारीत आणि वाळलेल्या गवतात घोणस असते.

मगरीबद्दल विचारणा हमखास होते. कृष्णेत मगरी आहेत. औदुंबर, भिलवडी, आमणापूर, डिग्रज या बाजूला त्या काठावर ऊन खाताना लोकांनी कितीदा तरी पाहिल्या आहेत, आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. मगर धावत येऊन माणूस धरत नाही. ती पाण्याखाली थांबून कडेला वाकलेल्या, बसलेल्या माणसाला धरते. म्हणून पाण्याच्या कडेपासून दोन-तीन मीटर मागे बसावे, काठी लांब घ्यावी. धरलेले मासे पाण्यात लोंबकळत ठेवू नयेत, ते पाण्याच्या कडेला साफ करू नयेत आणि आतडी तिथेच टाकू नयेत. आपल्या रोजच्या जागेवर मगरीला जेवण मिळू लागले की ती त्या जागेवर येऊ लागते. अंधार पडताच उठावे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी काठावर अंडी घालते, त्या दिवसांत ती जास्त आक्रमक असते. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तिला दगड मारणे हा गुन्हा तर आहेच, मूर्खपणाही आहे.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. आजकाल मुले कार्बनच्या लांब काठ्या वापरतात. कार्बनमधून वीज वाहते. मोकळ्या काठावर वर धरलेली अशी काठी म्हणजे विजेला दिलेले आमंत्रण. पहिला गडगडाट ऐकताच काठी खाली ठेवून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. हीच काठी नदीवरून गेलेल्या विजेच्या तारेला लागली तर काय होईल तेही ओळखा. आणि शेतीपंपाच्या वायरी पाण्यात सोडून मासे मारणारे किंवा जिलेटिनचे तोटे फोडणारे, त्यांच्यासाठी माझ्याकडे सल्ला नाही. एका तोट्याने हाताचे पंजे गेलेला माणूस मी पाहिला आहे. एवढेच सांगतो की असा उद्योग चालू दिसला तर त्या पाण्यात पाय घालू नका.

किरकोळ इजांचे थोडक्यात. गळ बोटात रुतला तर ओढू नका. त्याचा काटा उलटा असतो, मांस फाटते. दोरा कापा, गळ तसाच ठेवून डॉक्टरकडे या. आम्ही भूल देऊन टोक पुढे काढतो, उलटा काटा पक्कडीने तोडतो आणि मग गळ मागे घेतो. डोळ्याला लागला असेल तर हात लावू नका, वर कागदी पेला उपडा धरून चिकटपट्टी लावा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मिशाळ शिंगट्याचा काटा टोचला की हात ठणकतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो अर्धा-एक तास बुडवून ठेवल्यास पुष्कळ आराम पडतो. पाण्याचा गरमपणा दुसऱ्या हाताने पाहावा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. दोन्ही बाबतींत धनुर्वाताचे इंजेक्शन. मधुमेही माणसाने नदीच्या पाण्यातली जखम क्षुल्लक समजू नये. आणि पूर ओसरल्यावर चिखलात वावरलेल्या माणसाला आठ-पंधरा दिवसांत ताप, पिंढऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिस वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो.

आता मुख्य गोष्ट. माणूस बुडतोय हे कसे ओळखावे? तो सिनेमातल्यासारखा "वाचवा" म्हणून ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो, तोच नसतो. तोंड पाण्याच्या वर-खाली होते, डोके मागे जाते, हात बाजूला पाणी दाबत असतात, आणि मग तो गप्प होतो. शेजारी बसलेल्याला वाटते, डुंबतोय.

पाण्यात उडी मारू नका. हे लिहायला मलाही जड जाते, पण एकाला वाचवायला दुसरा जातो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि एका घरातले तिघे जातात, अशा बातम्या आपण याच वर्तमानपत्रात वाचतो. बुडणारा माणूस जे हाताला लागेल त्यावर चढतो. तो आपला भाऊ असला तरी आपल्याला खाली दाबतो. आधी आडवे झोपून काठी, बांबू, फांदी पुढे करा. नाही पोहोचली तर दोरीचा कॅन, ट्यूब, कळशी, जे तरंगते ते फेका. काही नसेल तर साडी, पटका, दोन शर्ट गाठ मारून. ओरडून लोक जमवा, १०८ ला फोन एकाने करायचा, आणि त्याला बोट दाखवून सांगा, "तू फोन कर." सगळ्यांना सांगितले की कोणीच करत नाही.

बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, पोट दाबू नका, खांद्यावर घेऊन पळू नका, गरगर फिरवू नका. फुप्फुसात गेलेले पाणी थोडे असते आणि बरेचसे शोषले जाते. उलटे टांगल्यावर जे बाहेर येते ते पोटातले, आणि येता येता ते श्वासनलिकेत शिरते. हे समजायला वैद्यकशास्त्रालाही वेळ लागला. तोंडाने श्वास देण्याची पद्धत १९५० च्या दशकात पीटर सफार आणि जेम्स एलम यांनी शास्त्रीय पायावर उभी केली, छातीवर दाब देण्याची पद्धत १९६० मध्ये बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी मांडली. आपल्या घाटांवर मात्र कुंभाराचे चाक अजून फिरतेच आहे.

कडक जमिनीवर उताणे झोपवा. हाक मारा, खांदा हलवा. श्वास पाहा, दहा सेकंदांहून जास्त वेळ नको. अधूनमधून येणारा उचकीसारखा आचका म्हणजे श्वास नव्हे. श्वास नसेल तर एक हात कपाळावर ठेवून डोके मागे करा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड घट्ट लावून एक सेकंदभर हवा फुंका. छाती वर आलेली दिसली पाहिजे. असे पाच श्वास. हृदयविकाराच्या झटक्यात आधी छाती दाबायची असते, बुडालेल्याला मात्र आधी श्वास द्यायचा, कारण त्याचे हृदय प्राणवायूवाचून थांबलेले असते. फेस येत असेल तर पुसत बसू नका, तो येतच राहणार. मी पुसण्यासाठी थांबलो होतो. उलटी आली तर कुशीवर वळवून बोटाने तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा.

पाच श्वासांनंतरही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तळहाताचा मागचा भाग ठेवून, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा. तीस दाब, दोन श्वास, तीस दाब, दोन श्वास. लहान मुलाला एका हाताने, छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमलेल्या हाताचे दाब उथळ पडतात. १०८ चे डॉक्टर येईपर्यंत किंवा माणूस श्वास घेऊ लागेपर्यंत थांबायचे नाही. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, ओले कपडे काढून कोरडे पांघरूण घाला.

आणि शुद्धीवर आला म्हणून त्याला घरी नेऊ नका. "उठून बसला, चहा प्याला, ठीक आहे" असे म्हणून एका गृहस्थांना घरी नेले होते. रात्री अकराला त्यांना माझ्याकडे आणले तेव्हा ओठ निळे, धाप लागलेली, तोंडाला गुलाबी फेस. पाण्याने फुप्फुसाचे आतले अस्तर बिघडते आणि सूज काही तासांनी चढते. ते वाचले, पण चार दिवस कृत्रिम श्वासावर होते. पाण्यातून काढलेला प्रत्येक माणूस, हसत असला तरी, खोकला किंवा धाप असेल तर लगेच आणि नसेल तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावा आणि सहा-आठ तास देखरेखीखाली ठेवावा.

वहिनींचा रक्तदाब पुढच्या भेटीत १३० वर होता. पुतण्या बर्फावर जातोच आहे. मी जाकीट घेतले. नारिंगी रंगाचे आहे, घाटावर पहिल्या दिवशी पोरांनी भरपूर चेष्टा केली. तेलाचा कॅन मात्र त्यांतल्याच एकाने मागून नेला, अजून परत केलेला नाही. मी दुसरा बांधून ठेवला आहे.